नील यंग ऐकायला सुरुवात कुठून करावी?

नील यंगचं एखादं गाणं कुठेतरी कानावर पडतं. बहुतेक वेळा ते 'हार्ट ऑफ गोल्ड' असतं. माउथऑर्गन, साधी गिटार, वरच्या पट्टीतला पातळ आवाज. गाणं आवडतं, म्हणून आपण ॲपवर त्याचं नाव टाकतो आणि चाळीसहून जास्त स्टुडिओ अल्बमची यादी समोर येते. लाइव्ह रेकॉर्डिंग आणि कपाटातून काढलेल्या जुन्या टेप वेगळ्याच. अंदाजपंचे काहीतरी लावलं तर एकात दहा मिनिटं गिटार खरखरत असते, दुसऱ्यात यंत्रातून काढलेला मानवी आवाज, तिसऱ्यात १९५० च्या दशकातलं जुनं रॉक अँड रोल. हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण चुकतो तो फक्त क्रम.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पहिल्या अल्बमपासून सुरू करून वर्षांच्या क्रमाने जाऊ नका. १९६८ चा त्याचा पहिला अल्बम त्याच्या सर्वोत्तम कामात मोडत नाही, आणि १९८० चं दशक मध्ये आडवं येतं तिथे भले भले अडकतात. 'बेस्ट ऑफ' छापाच्या संकलनानेही काम होत नाही. त्यात हळुवार आणि दणदणीत गाणी शेजारी शेजारी बसतात आणि कुठलंच नीट उमगत नाही.

माणसाची ओळख थोडक्यात. जन्म १२ नोव्हेंबर १९४५, कॅनडातलं टोरंटो. वडील स्कॉट यंग नावाजलेले पत्रकार. १९५१ मध्ये पोलिओ झाला, त्यातून वाचला. आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर विनिपेगला गेला आणि तिथेच बँड काढून वाजवायला लागला. १९६६ मध्ये एक जुनी शववाहिका चालवत तो बासवादक ब्रूस पामरसोबत लॉस एंजेलिसला पोहोचला. तिथे रहदारीत अडकलेला असताना ओंटारियोची नंबरप्लेट असलेली ही अजब गाडी स्टीफन स्टिल्सने ओळखली. दोघांची आधी कॅनडात भेट झाली होती. त्या योगायोगातून बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड उभा राहिला. तो दोन वर्षांत मोडला आणि नील यंग एकटा निघाला.

आता मुख्य मुद्दा. नील यंगमध्ये दोन वादक राहतात. एक लाकडी गिटार किंवा पियानो घेऊन एकटा बसणारा. दुसरा 'ओल्ड ब्लॅक' नावाची गिटार घेऊन क्रेझी हॉर्स या बँडबरोबर कानठळ्या बसवणारा. ही ओल्ड ब्लॅक म्हणजे १९५३ ची गिब्सन लेस पॉल, मूळची सोनेरी, नंतर काळा रंग दिलेली. या दोघांपैकी एकालाच खरा नील यंग मानलं, तर अर्धं काम हातातून निसटतं. म्हणून सुरुवात दोन अल्बमपासून करा, एकाच आठवड्यात, आलटून पालटून.

पहिला, 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१'. टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये १९ जानेवारी १९७१ ला झालेला हा एकट्याचा कार्यक्रम. पाठीच्या दुखण्यामुळे तेव्हा तो पट्टा बांधून वाजवत होता. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज हेच रेकॉर्डिंग अल्बम म्हणून काढा म्हणून हटून बसला होता, पण नील यंगचं मन तोवर 'हार्वेस्ट'च्या गाण्यांत गुंतलं होतं. त्यामुळे ही टेप पडून राहिली आणि थेट २००७ मध्ये बाहेर आली. ती पुन्हा ऐकल्यावर ब्रिग्जचं म्हणणं का तसं होतं ते आता कळतं, असं नील यंगने स्वतःच लिहिलं.

यात एक जागा मुद्दाम लक्ष देऊन ऐका. तो पियानोवर 'अ मॅन नीड्स अ मेड' सुरू करतो आणि मध्येच, कसलीही घोषणा न करता, त्यातून 'हार्ट ऑफ गोल्ड'कडे वळतो. पुढे जगभर गाजलेलं हे गाणं तेव्हा रेकॉर्डही झालेलं नव्हतं. सभागृहात बसलेल्यांना त्याचं नावही माहीत नाही. माउथऑर्गन नाही, ठेका नाही. नुसता पियानो आणि काहीतरी शोधत असलेला आवाज. मूळ गाणं किती एकाकी आहे हे इथे समजतं. नंतरच्या ध्वनिमुद्रणात ठेक्याच्या आधाराने ते बरंच सुखद झालं.

दुसरा अल्बम १९६९ चा, 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर'. क्रेझी हॉर्सबरोबरचा पहिलाच. डॅनी व्हिटन गिटारवर, बिली टॅल्बॉट बासवर, राल्फ मोलिना ड्रमवर. यातली 'सिनॅमन गर्ल', 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड' ही तीन गाणी त्याने १०३ ताप असताना अंथरुणात पडल्या पडल्या लिहिली, असं तो सांगत आला आहे. 'सिनॅमन गर्ल' जेमतेम तीन मिनिटांचं आहे, तिथून सुरू करा. त्यातला गिटारचा एकल तुकडा ऐकून पहिल्यांदा चक्रावायला होतं, कारण तो जवळजवळ एकाच स्वरावर उभा आहे. तोच स्वर, पुन्हा पुन्हा, फक्त जोर आणि धार बदलत जाते. बोटांची चपळाई दाखवण्याचा तो जमाना होता. एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स ऐन भरात होते, आणि हा गडी एक स्वर धरून बसतो.

'डाउन बाय द रिव्हर' नऊ मिनिटांचं, 'काउगर्ल' दहाच्या पुढे. इथे आपल्या कानाला एक सोय आहे. ज्याने ख्याल ऐकलाय त्याला मोजक्या स्वरांत रेंगाळत केलेली बढत नवी नाही. ठेका तोच, सम तीच, आणि त्यावर एकेक स्वर घासून पाहणं. रागसंगीताचे नियम इथे शोधू नका, ते नाहीत. पण 'गाणं पुढे का जात नाही' अशी घाई झाली की हाच ख्यालाचा धीर वापरा. टॅल्बॉट आणि मोलिना मुद्दाम साधं वाजवतात. त्यांच्याहून तयारीचे वादक नील यंगला कधीही मिळाले असते आणि मिळालेही. पण ते थोडं मागे रेलून, जडपणे चालतात, आणि त्या चालीवरच त्याची गिटार मोकळी होते.

हे दोन अल्बम कानात बसले की त्याच्या आवाजाबद्दल बोलता येईल, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आवाज पातळ आहे, कधी कणसूर लागतो, वर जाताना चिरकतो. आपण लता मंगेशकर आणि आशा भोसले ऐकत वाढलेली माणसं, सुराची एवढीशी हयगय कानाला खुपते. पण नील यंग आणि ब्रिग्ज यांनी रेकॉर्डिंगची एक पद्धत ठरवून घेतली होती. सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवायचं, फार तालीम करायची नाही, आणि जो टेक पहिल्यांदा जिवंत वाटेल तो ठेवायचा, मग त्यात चूक असली तरी चालेल. जास्त विचार केला की गाणं नासतं, असं ब्रिग्जचं ठाम मत. म्हणजे तुम्हाला ऐकू येणारी चिरक राहून गेलेली नाही, ठेवलेली आहे. एवढं ध्यानात धरलं की त्याचं निम्मं काम उलगडतं.

यानंतर 'आफ्टर द गोल्ड रश', १९७०. दोन्ही बाजू एकाच अल्बममध्ये हव्या असतील तर हा सर्वांत सोपा. बराचसा भाग टोपांगा कॅन्यनमधल्या त्याच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड झाला. नील्स लॉफग्रेन या जेमतेम अठरा वर्षांच्या गिटारवाल्याला त्याने पियानोवर बसवलं. पोरगा म्हणाला, मला पियानो येत नाही. नील यंगला नेमकं तेच हवं होतं. शीर्षकगीत एकदा डोळे मिटून ऐका आणि मग लगेच 'सदर्न मॅन' लावा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वंशद्वेषावर इतकं थेट बोट ठेवणारं दुसरं गाणं त्या काळात रेडिओवर क्वचितच असेल. त्याच वर्षी ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. नील यंगने 'ओहायो' लिहिलं, क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांच्याबरोबर २१ मे ला ते रेकॉर्ड केलं आणि काही आठवड्यांत ते बाजारात होतं. हे सुटं गाणं आहे, पण यादीत हवंच.

आणि मग 'हार्वेस्ट'. मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवतोय. १९७२ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला हा अल्बम इतका हळुवार का, याला एक शारीरिक कारण आहे. पाठीच्या दुखण्याने जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन उभं राहणं त्याला जमत नव्हतं. म्हणून लाकडी गिटार, नॅशव्हिलचे संथ वाजवणारे वादक, बेन कीथची पेडल स्टील गिटार. जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी लिंडा रॉन्स्टॅट आणि जेम्स टेलर गावात आले होते, त्यांनाही स्टुडिओत ओढून आणलं आणि कोरसला उभं केलं. 'ओल्ड मॅन' हे गाणं त्याने विकत घेतलेल्या रँचवरच्या वयस्क राखणदाराकडे बघून सुचलेलं. 'द नीडल अँड द डॅमेज डन' दोनच मिनिटांचं, डॅनी व्हिटनच्या हेरॉइनच्या व्यसनावरचं. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा ज्या दोन गाण्यांत आहे ती मला आजही फुगवलेली वाटतात. मॅसी हॉलमध्ये त्यांपैकी 'अ मॅन नीड्स अ मेड' आधी ऐकलंत तर तुम्हालाही तसंच वाटेल, असा माझा अंदाज आहे.

इथवर सगळे येतात. यापुढचा टप्पा माझ्या मते नील यंगच्या कामाचा गाभा आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

'हार्वेस्ट'च्या यशानंतर नोव्हेंबर १९७२ मध्ये मोठ्या दौऱ्याच्या तालमी चालू होत्या. डॅनी व्हिटनला व्यसनामुळे वाजवता येईना. नील यंगने त्याला ५० डॉलर आणि लॉस एंजेलिसचं विमानाचं तिकीट देऊन परत पाठवलं. त्याच रात्री व्हिटन गेला. पुढच्याच वर्षी ब्रूस बेरी, बँडचं सामान वाहणारा जिवाभावाचा पोरगा, हेरॉइनने गेला. नील यंगने पुढे लिहिलं की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा आला, म्हणून मी कडेच्या चराकडे वळलो. त्यावरून 'टाइम फेड्स अवे', 'ऑन द बीच' आणि 'टुनाइट्स द नाइट' या तीन अल्बमना 'डिच ट्रिलॉजी' म्हणतात.

ऐकायला 'ऑन द बीच' आधी घ्या. १९७४ चा. मुखपृष्ठावर समुद्राकडे तोंड करून उभा असलेला नील यंग, वाळूत रुतलेल्या कॅडिलॅकचं शेपूट आणि राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या राजीनाम्याची मागणी करणाऱ्या मथळ्याचं वर्तमानपत्र. पहिली बाजू अस्वस्थ, दुसरी बाजू संथ, जवळजवळ थिजलेली. शेवटचं 'ॲम्ब्युलन्स ब्लूज' नऊ मिनिटांचं आहे, मुख्यतः गिटार, माउथऑर्गन आणि फिडलवर चालणारं. हा अल्बम अनेक वर्षं सीडीवर मिळतच नव्हता, तो २००३ मध्ये आला.

मग 'टुनाइट्स द नाइट'. रेकॉर्ड झाला १९७३ मध्ये, बाहेर आला १९७५ मध्ये. हॉलिवूडमधल्या तालमीच्या जागेत, जी ब्रूस बेरीच्या भावाची होती, क्रेझी हॉर्सचे उरलेले दोघे, लॉफग्रेन आणि बेन कीथ रात्री जमायचे, टकीला प्यायचे आणि उत्तररात्री वाजवायला लागायचे. बाहेर उभ्या असलेल्या रेकॉर्डिंगच्या ट्रकपर्यंत केबल नेता यावी म्हणून भिंतीला भोक पाडलं होतं. शीर्षकगीत सुरुवातीला आहे आणि शेवटी पुन्हा आहे, आणि त्यात ब्रूस बेरीचं नाव सरळ घेतलेलं आहे, तो काय काम करायचा हेही. 'मेलो माय माइंड'मध्ये एका ओळीवर आवाज पार फुटतो. कुठलाही शहाणा निर्माता तो टेक बाद करेल. इथे तो गाण्याचा सर्वोच्च क्षण आहे.

आणि मध्येच, काही न सांगता, 'कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन' येतं. उत्साहाने भरलेलं, जोरकस. गाणारा आवाज मुख्यतः डॅनी व्हिटनचा आहे, १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये लाइव्ह टिपलेला. गाणं अमली पदार्थ विकत घ्यायला जाण्याबद्दल आहे. ज्याच्या मृत्यूच्या शोकात हा अल्बम केला, तो मधोमध येऊन आनंदाने गाऊन जातो. त्यावर नील यंग एक शब्दही बोलत नाही. असा शोक रॉक संगीतात मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना आवडलाच पाहिजे असं नाही. दारू प्यायलेली माणसं रडवेली होऊन वाजवतायत असं वाटेल, आणि ते खरंच तसं आहे. म्हणूनच तो आधी लावू नये. मॅसी हॉल आणि 'हार्वेस्ट' ऐकून या माणसाला स्वच्छ गाता येतं हे एकदा कळलं, की इथे त्याने काय टाकून दिलंय ते दिसतं.

यानंतरचा भाग मोकळा आहे. 'झुमा' (१९७५) मध्ये व्हिटनच्या जागी फ्रँक 'पाँचो' साम्पेद्रो आला आणि क्रेझी हॉर्स पुन्हा उभा राहिला. त्यातलं 'कॉर्टेझ द किलर' लावा आणि घड्याळ बघू नका. तीन मिनिटं उलटून गेल्यावर पहिला शब्द येतो. 'रस्ट नेव्हर स्लीप्स' (१९७९) हा तर दोन्ही नील यंगना एका तबकडीवर आणणारा अल्बम. पहिली बाजू लाकडी गिटारची, दुसरी विजेची, आणि एकच गाणं दोन रूपांत सुरुवातीला आणि शेवटी. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'पावडरफिंगर'. नदीतून तोफेची बोट येतेय, घरात कर्ता माणूस नाही, बावीस वर्षांचा मुलगा बंदूक घेऊन उभा राहतो. तोच ही गोष्ट सांगतोय आणि शेवटाकडे आपल्याला कळतं की सांगणारा मेलेला आहे. गीतलेखनावर प्रेम असणाऱ्याने हे गाणं शब्द समोर ठेवून ऐकावं.

१९८० चं दशक तूर्त ओलांडा. फक्त 'ट्रान्स' (१९८२) बद्दल एक गोष्ट जाणून घ्या, कारण त्याची टिंगल फार झाली. त्यात त्याने व्होकोडर या यंत्रातून आवाज काढून बहुतेक गाणी गायली. त्याचा मुलगा बेन याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याला बोलता येत नाही. त्या काळात घरात दिवसचे दिवस त्याच्या उपचारांत जात होते. यंत्राच्या मदतीने कुणाशी तरी बोलू पाहणं आणि समोरच्याला ते न कळणं, हा त्या गाण्यांचा विषय आहे. हे तेव्हा श्रोत्यांना माहीत नव्हतं. पुढे गेफेन या रेकॉर्ड कंपनीने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावाच ठोकला. तक्रार अशी की हा नील यंगसारखं संगीत देत नाही. त्याची तेव्हाची पत्नी पेगी हिच्या पुढाकाराने बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी ब्रिज स्कूल उभी राहिली आणि त्या शाळेसाठी १९८६ पासून २०१६ पर्यंत माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन ॲम्फीथिएटरमध्ये मैफली होत राहिल्या. बे एरियातल्या मराठी मंडळींना ती जागा चांगली ठाऊक असेल.

पुन्हा आत शिरायचं ते 'फ्रीडम' (१९८९) पासून. 'रॉकिन इन द फ्री वर्ल्ड'चं ध्रुवपद ऐकून लोक त्याला अमेरिकेचं गौरवगीत समजतात. कडवी ऐका: व्यसनात बुडालेली आई, टाकून दिलेलं मूल, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या गोड भाषणांना हाणलेले टोले. मग 'रॅग्ड ग्लोरी' (१९९०), क्रेझी हॉर्स पूर्ण भरात. सिएटलची ग्रंज, म्हणजे खरखरीत रॉक वाजवणारी मंडळी याला आपला वडीलधारा मानू लागली ती याच सुमारास. त्यांतल्या पर्ल जॅम या बँडबरोबर तर त्याने १९९५ मध्ये 'मिरर बॉल' केला. 'रॅग्ड ग्लोरी'नंतरच्या दणदणाटाच्या दौऱ्याने त्याच्या कानात कायमची घणघण बसली, आणि तिच्यामुळे १९९२ मध्ये शांत 'हार्वेस्ट मून' आला. शीर्षकगीतात ठेक्यामागे एक सळसळ ऐकू येते, ती जमिनीवर फिरवलेल्या झाडूची आहे. हेडफोन लावून ऐका.

ऐकायला काही अडचण नाही. २०२२ मध्ये लशींबद्दलच्या खोट्या माहितीच्या निषेधार्थ त्याने स्पॉटिफायवरून गाणी काढून घेतली होती, ती २०२४ मध्ये परत आली. 'नील यंग आर्काइव्हज' या त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सगळं उंची दर्जाच्या ध्वनीत आहे. जुन्या टेपपैकी दोनच आधी घ्या. 'हिचहायकर', ११ ऑगस्ट १९७६ च्या एका रात्रीत मालिबूला एकट्याने वाजवलेली दहा गाणी, त्यात 'पावडरफिंगर'ही आहे. आणि 'होमग्रोन', जो १९७५ मध्ये तयार असूनही त्याने मागे ठेवला आणि त्याऐवजी 'टुनाइट्स द नाइट' काढला, कारण दोन्ही एकामागून एक ऐकल्यावर मित्रांना दुसरा जास्त भिडला. 'होमग्रोन'ला २०२० उजाडावं लागलं.

२००० नंतरच्या कामातून मी दोन नावं देईन. 'ल नॉइज' (२०१०), ज्यात निर्माता डॅनियल लॅन्वाच्या हाताखाली तो एकटा आणि त्याची गिटार एवढंच आहे. दुसरं 'सायकेडेलिक पिल' (२०१२). त्याचं पहिलंच गाणं सत्तावीस मिनिटांचं आहे. 'काउगर्ल इन द सँड' संपल्यावर अजून थोडं चालायला हवं होतं असं वाटायला लागलं, की ते लावा.